बस्टर कीटन

जोसेफ फ्रँक कीटन ऊर्फ बस्टर कीटन (जन्म : ४ ऑक्टोबर १८९५, पिक्वा, कॅन्सस, मृत्यू : १ फेब्रुवारी १९६६, वुडलँड हिल्स, लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन मूकपटांच्या काळातील विनोदी अभिनेते, दिग्दर्शक, कथाकल्पक आणि कसरतपटू होते. कितीही मोठे संकट कोसळले तरी चेहऱ्यावरची रेषाही हलू न देणारा नायक ही त्यांची ओळख होती. या निर्विकार मुद्रेमुळे अमेरिकेत त्यांना ‘द ग्रेट स्टोन फेस’ म्हणजे ‘थोर पाषाणमुखी’ असे टोपणनाव मिळाले. चार्ली चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड यांच्या जोडीने मूकपटातील तीन प्रमुख विनोदी नटांमध्ये त्यांची गणना होते.

१९२० ते १९२८ या काळात कीटन स्वतःच्या चमूसह, स्वतःच्या पद्धतीने चित्रपट करत होते. त्यांची कीर्ती प्रामुख्याने याच काळातील १९ लघुपट आणि १० पूर्ण लांबीच्या चित्रपटांवर उभी आहे. त्यानंतर एका मोठ्या चित्रपटसंस्थेच्या नोकरीत त्यांनी हे स्वातंत्र्य गमावले आणि त्यांच्या कारकिर्दीला उतरती कळा लागली. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकात त्यांचे जुने चित्रपट पुन्हा प्रकाशात आले आणि त्यांची योग्यता जगाला नव्याने उमगली.

जन्म आणि घराणे

कीटन यांचे वडील जो कीटन आणि आई मायरा हे दोघेही फिरत्या खेळांतील कलावंत होते. जो हे उड्या, लाथा आणि पडझडीचा विनोद करत. मायरा वाद्ये वाजवत. मायरा यांचे वडील फ्रँक कटलर हेही फिरती नाटक कंपनी चालवत. त्या काळी अमेरिकेत औषधे खपवण्यासाठी गावोगाव खेळ करणाऱ्या मंडळ्या असत. आधी गाणी, नकला, जादू दाखवून गर्दी जमवायची आणि मग बाटल्या विकायच्या, असा हा व्यवसाय होता. जो आणि मायरा अशाच मंडळीबरोबर दौऱ्यावर असताना पिक्वा या खेड्यात त्यांच्या पहिल्या मुलाचा जन्म झाला. या गावाशी घराण्याचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. थोरल्या मुलाचे नाव जोसेफ ठेवण्याची कीटन घराण्याची रीत होती, तर ‘फ्रँक’ हे नाव आईच्या वडिलांवरून आले.

‘बस्टर’ या नावामागे एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. जेमतेम दीड वर्षाचे मूल जिन्यावरून गडगडत खाली आले आणि जराही इजा न होता उठून बसले. तेव्हा याच मंडळीत काम करणारे जादूगार हॅरी हुडिनी यांनी हे नाव ठेवले, असे कीटन पितापुत्र सांगत असत. नटमंडळींच्या बोलीत ‘बस्टर’ म्हणजे जोराने आपटणे. हुडिनी यांचे नाव या कथेत नंतर जोडले गेले असावे, असे काही चरित्रकार मानतात. लहानपणीच कपडे पिळण्याच्या यंत्रात सापडल्याने त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक तुटले होते. त्यांच्या चित्रपटांत लक्षपूर्वक पाहिल्यास ते दिसते.

‘द थ्री कीटन्स’

१९०० च्या सुमारास लहानगा बस्टर आईवडिलांबरोबर रंगमंचावर येऊ लागला. गाणी, नृत्य, कसरती आणि छोटी प्रहसने असा मिश्र कार्यक्रम सादर करणाऱ्या अमेरिकन रंगभूमीला व्हॉडव्हिल म्हणत. तेथे ‘द थ्री कीटन्स’ या नावाने या कुटुंबाचा खेळ गाजला. खेळाचे सूत्र साधे होते : खोडकर मुलगा बापाला छळतो आणि बाप त्याला वळण लावण्यासाठी उचलून फेकतो. मुलगा पडद्यावर, नेपथ्यावर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात जाऊन पडे. उचलायला सोपे जावे म्हणून त्याच्या अंगरख्याच्या पाठीवर पेटीची मूठ शिवलेली असे.

अंग सैल सोडून, इजा न होता कसे पडायचे, याचे शिक्षण बस्टर यांना या वयात मिळाले. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. फेकला गेल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात. चेहरा गंभीर ठेवला तर सभागृह हास्याने दणाणून जाते. त्यांच्या निर्विकार मुद्रेचे मूळ या अनुभवात आहे.

लहान मुलाला असे फेकणे अनेकांना क्रूर वाटे. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधील संस्थेने या खेळावर वारंवार आक्षेप घेतले आणि काही काळ कीटन कुटुंबाला त्या शहरात खेळ करणे अशक्य झाले. आपल्याला मारहाण झाल्याचे कीटन यांनी पुढे कायम नाकारले. मात्र या जीवनक्रमात शालेय शिक्षणाला जागा नव्हती. ते शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत; लिहिणे-वाचणे त्यांना आईने शिकवले. १९०८ पासून कुटुंबाचे उन्हाळे मिशिगन राज्यातील मस्कीगन येथील कलावंतांच्या वसाहतीत जात. मासेमारी, बेसबॉल आणि यंत्रांशी खेळणे हे त्यांचे तेथील आवडते उद्योग होते.

बस्टर मोठे झाले तसे खेळाचे स्वरूप बदलले. वीस वर्षांच्या तरुणाला फेकणे ही गंमत राहिली नाही आणि जो यांचे मद्यपान वाढत गेले. नशेत असलेल्या माणसाबरोबर क्षणाच्या अचूकतेवर बेतलेली कसरत करणे धोक्याचे होते. अखेर १९१७ च्या आरंभी बस्टर आणि मायरा यांनी जो यांची साथ सोडली आणि ‘द थ्री कीटन्स’ संपुष्टात आले.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

न्यूयॉर्कला आल्यावर कीटन यांना एका मोठ्या संगीत-प्रहसनात आठवड्याला २५० डॉलर पगाराचे काम मिळाले. तालमी सुरू होण्यापूर्वीच त्यांची गाठ रॉस्को आर्बकल यांच्याशी पडली. स्थूल देहाचे आणि विलक्षण चपळ असलेले आर्बकल तेव्हा अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय विनोदी नट होते. निर्माते जोसेफ शेंक यांच्यासाठी ते नवी लघुपटमालिका सुरू करत होते. त्यांनी कीटन यांना स्टुडिओत बोलावले आणि ‘द बुचर बॉय’ (१९१७) या लघुपटात काम दिले. पडद्यावरील आपल्या पहिल्याच प्रसंगात कीटन काकवीने चिकटतात आणि पिठाच्या पिशवीचा मारा झेलतात.

कीटन यांना अभिनयाइतकेच कुतूहल कॅमेऱ्याचे वाटले. स्टुडिओतील कॅमेरा मागून घेऊन त्यांनी त्याचे भाग सुटे केले आणि पुन्हा जोडले, असे ते सांगत. हे यंत्र रंगमंचाच्या चौकटीबाहेर जाऊ शकते, खरी आगगाडी, खरी नदी, खरा रस्ता दाखवू शकते, हे त्यांनी तत्काळ ओळखले. संगीत-प्रहसनाचा करार सोडून देऊन आठवड्याला ४० डॉलर पगारावर ते चित्रपटात राहिले. त्याच वर्षी हा चमू कॅलिफोर्नियात गेला. आर्बकल यांच्याकडून ते विनोदी प्रसंगांची रचना, चित्रीकरण आणि संकलन शिकले.

पहिल्या महायुद्धात १९१८ साली कीटन सैन्यात दाखल झाले आणि ४० व्या पायदळ डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेले. तेथे कानाला झालेल्या संसर्गामुळे त्यांची श्रवणशक्ती कायमची अधू झाली. १९१९ मध्ये परत आल्यावर अधिक पगाराची बोलावणी असूनही ते आर्बकल यांच्याकडे परतले.

स्वतःचा चमू : लघुपटांचा काळ

१९२० मध्ये आर्बकल पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळले आणि शेंक यांनी लघुपटांचा सगळा चमू कीटन यांच्या हाती सोपवला. हॉलीवूडमध्ये पूर्वी चॅप्लिन यांनी वापरलेला स्टुडिओ घेऊन त्याला कीटन यांचे नाव देण्यात आले. शेंक पैसा उभा करत. चित्रपट कसा करायचा यात ते ढवळाढवळ करत नसत. या व्यवस्थेत एक उणीव होती, ती पुढे महाग पडली. स्टुडिओवर नाव कीटन यांचे असले तरी कंपनीच्या समभागांत त्यांचा वाटा नव्हता. व्यवहार आणि हिशेब यांत त्यांना रस नव्हता.

प्रदर्शित झालेला त्यांचा पहिला स्वतंत्र लघुपट ‘वन वीक’ (१९२०) होय. एका नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांतून जोडायचे घर भेट मिळते. खोक्यांवरचे क्रमांक एका मत्सरी माणसाने बदलल्यामुळे घर वेडेवाकडे उभे राहते आणि वादळात भोवऱ्यासारखे फिरू लागते. शेवटी ते रेल्वेच्या रुळांवर अडकते. समोरून येणारी गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते, जोडपे सुटकेचा निःश्वास टाकते आणि तेवढ्यात उलट दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चुराडा करते. प्रेक्षकांचा अंदाज आधी चुकवायचा आणि मग त्यांना बेसावध गाठायचे, ही कीटन यांची रीत या पहिल्या लघुपटात पूर्णपणे दिसते.

१९२१ मध्ये चित्रीकरण करताना सरकत्या जिन्यात अडकून त्यांचा घोटा मोडला. कसरती करणे शक्य नसल्याने त्यांनी ‘द प्लेहाउस’ (१९२१) या लघुपटात तंत्राचा खेळ मांडला. एका नाट्यगृहातील नट, वादक आणि प्रेक्षक अशा सगळ्या भूमिका ते स्वतः करतात. एका दृश्यात तर नऊ कीटन रांगेत एकत्र दिसतात. छायाचित्रणकार एल्गिन लेसली यांनी भिंगाचा एकेक भाग झाकून तीच फिल्म पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यातून फिरवली आणि तीही हाताने मूठ फिरवून, एकाच गतीने. ‘कॉप्स’ (१९२२) मध्ये एका निरपराध तरुणामागे शहरातील सारे पोलीस दल लागते.

याच काळात त्यांच्या व्यक्तिगत आयुष्यात दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. ३१ मे १९२१ रोजी त्यांचा विवाह अभिनेत्री नताली टॅलमज यांच्याशी झाला. नताली यांची बहीण, लोकप्रिय अभिनेत्री नॉर्मा, ही शेंक यांची पत्नी असल्यामुळे निर्माता आणि नट आता नातेवाईक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मेजवानीनंतर अभिनेत्री व्हर्जिनिया रॅप यांचा मृत्यू झाला आणि आर्बकल यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. तीन सुनावण्यांनंतर एप्रिल १९२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, पण वृत्तपत्रांनी उठवलेल्या वादळात त्यांची कारकीर्द संपली. चित्रपटसृष्टीतील बहुतेकांनी पाठ फिरवली असताना कीटन आपल्या गुरूच्या बाजूने उघडपणे उभे राहिले.

पूर्ण लांबीचे मूकपट

१९२३ पासून कीटन पूर्ण लांबीच्या विनोदी चित्रपटांकडे वळले. ‘थ्री एजेस’ (१९२३) मध्ये अश्मयुग, रोमन काळ आणि आधुनिक काळ अशा तीन कथा होत्या. चित्रपट न चालल्यास त्यांचे तीन लघुपट करता येतील, असाही त्यामागे विचार होता. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ (१९२३) ही दोन घराण्यांमधील पिढीजात वैराची कथा. जुन्या काळातील आगगाडीची प्रतिकृती त्यासाठी बांधण्यात आली. नदीतील दृश्याच्या वेळी बांधलेला दोर तुटून कीटन प्रवाहात वाहून गेले आणि बुडता बुडता वाचले.

‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये चित्रपटगृहात यंत्र चालवणारा तरुण झोपी जातो आणि स्वप्नात समोरच्या पडद्यात शिरतो. तो जागेवरच असतो, पण भोवतालची दृश्ये बदलत जातात : बाग, रस्ता, कडा, सिंह, समुद्र. ठिकाण बदलले तरी नटाची जागा तसूभरही हलू नये म्हणून जमीनमोजणीच्या साधनांनी अंतरे मोजून हे चित्रीकरण झाले. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीच्या नळातून कोसळलेल्या लोंढ्याने ते रुळावर आपटले. पुढे अनेक वर्षांनी एका तपासणीत त्यांच्या मानेचे हाड तेव्हा मोडले असल्याचे उघड झाले.

‘द नॅव्हिगेटर’ (१९२४) साठी भंगारात निघालेले ‘ब्युफर्ड’ हे खरे जहाज भाड्याने घेण्यात आले. स्वतःचा चहाही करता न येणारे दोन श्रीमंत तरुण जीव या निर्मनुष्य जहाजावर अडकतात, अशी कल्पना होती. हा चित्रपट अतिशय यशस्वी ठरला. ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) ची कथा त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायला उपयोगी आहे. खासगी प्रयोगात चित्रपटाचा शेवट पडला. मात्र नायक टेकडीवरून धावताना चुकून दोन-तीन दगड सुटून त्याच्या मागे घरंगळले, तेथे प्रेक्षक हसले. कीटन पुन्हा टेकडीवर गेले, कागदाच्या लगद्यापासून लहानमोठे शेकडो दगड करवून घेतले आणि दगडांच्या लोंढ्यापुढे धावणाऱ्या नायकाचे दृश्य चित्रित केले. आज तोच भाग चित्रपटाचा कळस मानला जातो. चूक सापडताच खर्चाची परवानगी न मागता ती सुधारण्याची मुभा असल्यामुळेच हे शक्य झाले.

‘द जनरल’ (१९२६) हे कीटन यांचे सर्वश्रेष्ठ काम होय, असे त्यांचे स्वतःचे मत होते. अमेरिकन यादवी युद्धात एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियात एक आगगाडी पळवली होती. त्या खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. नायक जॉनी ग्रे हा दक्षिणेकडील इंजिनचालक. सैन्यात त्याला घेत नाहीत, कारण इंजिनावर तो अधिक उपयोगी आहे. पण हे कारण त्याला कोणी सांगत नाही आणि प्रेयसी त्याला भित्रा समजते. चोरीला गेलेल्या इंजिनाचा तो एकटा पाठलाग करतो आणि ते घेऊन परत येतो. जाण्याचा प्रवास आणि येण्याचा प्रवास एकमेकांचे प्रतिबिंब असावे, अशी या चित्रपटाची रेखीव बांधणी आहे.

चित्रीकरण १९२६ च्या उन्हाळ्यात ओरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह येथे झाले. जळत्या पुलावरून जाणारे इंजिन नदीत कोसळते, ते दृश्य खरे पूल आणि खरे इंजिन वापरून एकदाच घेण्यात आले. त्याचा खर्च सुमारे ४२,००० डॉलर झाला. मूकपटांच्या काळातील हे सर्वांत खर्चिक दृश्य असे त्याचे वर्णन केले जाते. इंजिनाचा सांगाडा पुढे अनेक वर्षे नदीपात्रात पडून होता. चित्रपटाला मात्र समीक्षकांनी नाके मुरडली. यादवी युद्ध हा विनोदाचा विषय नव्हे, असे अनेकांना वाटले. सुमारे साडेसात लाख डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट अमेरिकेत तोट्यात गेला आणि शेंक यांनी खर्चावर लगाम घातला.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) हा या काळातील अखेरचा चित्रपट. मिसिसिपी नदीला १९२७ मध्ये आलेल्या भीषण पुरामुळे शेवटच्या पुराचा प्रसंग बदलून तेथे चक्रीवादळ योजण्यात आले. वादळात एका घराची दर्शनी भिंत अख्खी नायकावर कोसळते, पण माडीवरची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून जाते आणि तो सुखरूप उभा राहतो. भिंत खरीखुरी वजनदार होती. खिडकी आणि शरीर यांच्यात जेमतेम काही इंचांचे अंतर होते. उभे राहायची जागा जमिनीवर खिळ्याने निश्चित केली होती. हे दृश्य पाहवेना म्हणून चमूतील काहींनी तोंड फिरवले, असे सांगतात. याच सुमारास शेंक यांनी स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय त्यांना कळवला होता.

विनोदाची शैली

कीटन यांचा नायक प्रेक्षकांकडे दयेची याचना करत नाही. चॅप्लिन यांच्या भटक्याच्या डोळ्यांत आसू असतात, लॉइड यांच्या तरुणाच्या चेहऱ्यावर उमेदीचे हसू असते. कीटन यांचा माणूस समोरच्या अडचणीकडे केवळ पाहतो आणि ती कशी सोडवायची याचा विचार करतो. त्याचे शत्रू बहुधा माणसे नसतात. वादळ, नदी, घर, जहाज, आगगाडी अशा अवाढव्य गोष्टींशी त्याची गाठ पडते. आरंभी या गोष्टी त्याला हैराण करतात आणि अखेरीस तो त्यांचीच चाल ओळखून त्यांना कामाला लावतो. चेहरा हलत नसला तरी तो भावशून्य नाही. त्यांचे मोठे डोळे आणि शरीराची ढब यांतून भीती, प्रेम, गोंधळ हे सारे व्यक्त होते.

कसरत खरी आहे हे प्रेक्षकांना दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे अवघड दृश्ये ते दुरून आणि मध्ये न तोडता चित्रित करत. दृश्य कापावे लागले तर कसरत फसली, असे ते मानत. पटकथा लिहून काढण्याची त्यांच्या चमूत पद्धत नव्हती. आरंभ आणि शेवट ठरला की मधला भाग चर्चेतून आणि प्रत्यक्ष जागेवर घडत जाई. कल्पना सुचेनाशी झाली की सारा चमू काम थांबवून बेसबॉल खेळे. त्यांची चपटी टोपीही घरीच तयार होई. साधी फेल्टची टोपी कापून, साखरेच्या पाण्याने ताठ करून ते ती बनवत.

मेट्रो-गोल्डविन-मेयरशी करार

१९२८ मध्ये शेंक यांच्या सल्ल्याने कीटन यांनी मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेशी करार केला. संस्थेच्या मूळ कंपनीची सूत्रे शेंक यांचे बंधू निकोलस यांच्याकडे होती. हा करार करू नये, असे चॅप्लिन आणि लॉइड या दोघांनीही त्यांना बजावले होते. आठवड्याला ३,००० डॉलर पगार होता. पण कथा, सहकलाकार, वेळापत्रक आणि खर्च या सगळ्यांवर संस्थेचे अधिकारी देखरेख करणार होते. हा करार म्हणजे आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक, असे कीटन यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले.

पहिला चित्रपट ‘द कॅमेरामन’ (१९२८) उत्तम झाला, कारण त्यात त्यांनी आग्रहाने काही प्रमाणात जुनी पद्धत टिकवली. ‘स्पाइट मॅरेज’ (१९२९) हा त्यांचा अखेरचा मूकपट. त्यानंतर जुना चमू पांगला आणि बोलपटांत त्यांना लेखकांनी लिहिलेले शाब्दिक विनोद म्हणावे लागले. स्वतःची बुद्धी वापरून संकटातून सुटणाऱ्या नायकाऐवजी आता एक बावळट, हास्यास्पद माणूस पडद्यावर आला. धोकादायक कसरतींना संस्थेने मनाई केली. काही चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन भाषांतही नव्याने चित्रित होत. कीटन त्या भाषांतील वाक्ये उच्चार पाठ करून म्हणत. नंतर बडबड्या विनोदी नट जिमी ड्युरँटी यांच्याशी त्यांची जोडी जमवण्यात आली.

विसंगती अशी की, हे बोलपट तिकीटबारीवर चांगले चालले. त्यामुळे त्यांचे म्हणणे ऐकण्याची संस्थेला गरज भासली नाही. कीटन मद्याच्या आहारी गेले, कामावर गैरहजर राहू लागले आणि १९३३ मध्ये संस्थेने त्यांना काढून टाकले.

पडता काळ

१९३२ मध्ये नताली यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला. बेव्हर्ली हिल्समधील भव्य घर गेले. दोन्ही मुलांचा ताबा आईकडे गेला आणि त्यांचे आडनावही कीटनऐवजी टॅलमज करण्यात आले. ज्या वडिलांच्या व्यसनापायी घरचा खेळ मोडला होता, त्याच व्यसनाने आता मुलाला घेरले. उपचारांच्या काळात भेटलेल्या मे स्क्रिव्हन या परिचारिकेशी त्यांनी दुसरा विवाह केला. तो १९३६ मध्ये संपुष्टात आला.

काम मात्र त्यांनी थांबवले नाही. १९३४ ते १९३७ या काळात ‘एज्युकेशनल पिक्चर्स’साठी त्यांनी अल्प खर्चाचे १६ लघुपट केले. पुढे ‘कोलंबिया’साठी आणखी १० केले. १९३७ मध्ये ते मेट्रो-गोल्डविन-मेयरमध्ये परतले, पण पडद्यामागे. आठवड्याला १०० डॉलरवर इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग सुचवण्याचे काम त्यांनी पत्करले. मार्क्स बंधू आणि रेड स्केल्टन यांच्या चित्रपटांना त्यांच्या कल्पकतेचा लाभ झाला.

२९ मे १९४० रोजी त्यांचा विवाह नर्तकी एलेनॉर नॉरिस यांच्याशी झाला. त्या त्यांच्याहून जवळपास २३ वर्षांनी लहान होत्या आणि अनेक मित्रांनी या विवाहाला विरोध केला होता. हाच विवाह अखेरपर्यंत टिकला. एलेनॉर यांच्या सोबतीने त्यांचे आयुष्य पुन्हा स्थिर झाले.

पुनर्शोध

१९४७ मध्ये पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत कीटन यांनी केलेल्या प्रयोगांना मोठी दाद मिळाली. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात मूकपटातील विनोदावर विस्तृत लेख लिहिला आणि त्यात चॅप्लिन, लॉइड व हॅरी लँग्डन यांच्याबरोबर कीटन यांच्या कामाचा गौरव केला. त्याच सुमारास दूरचित्रवाणीने त्यांना नवा प्रेक्षक दिला. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये विस्मृतीत गेलेल्या मूकपट कलावंतांपैकी एक म्हणून ते स्वतःच्याच रूपात दिसले. ‘लाइमलाइट’ (१९५२) मध्ये ते आणि चॅप्लिन एकत्र आले. या दोघांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटात एकत्र काम केल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

त्यांच्या मूकपटांपुढे मात्र नाशाचे संकट होते. त्या काळची नायट्रेट फिल्म कालांतराने कुजते आणि सहज पेट घेते. कीटन यांच्या बेव्हर्ली हिल्समधील जुन्या घरात पुढे अभिनेते जेम्स मेसन राहत होते. तेथे त्यांच्या अनेक चित्रपटांच्या प्रती सापडल्या. चित्रपट संग्राहक रेमंड रोहाउअर यांनी १९५४ पासून कीटन यांच्या सहकार्याने अशा प्रती मिळवून टिकाऊ फिल्मवर उतरवण्याचे काम हाती घेतले. रोहाउअर यांच्या व्यवहारपद्धतीबद्दल आणि हक्कांवरील दाव्यांबद्दल पुढे बरेच वाद झाले. पण हे चित्रपट वाचण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या जीवनावर १९५७ मध्ये आलेला ‘द बस्टर कीटन स्टोरी’ हा चित्रपट वस्तुस्थितीपासून फार दूर होता. मात्र त्याच्या मोबदल्यातून त्यांनी वुडलँड हिल्स येथे घर घेतले. १९६० मध्ये त्यांना मानद ऑस्कर पुरस्कार देण्यात आला आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

अखेरची वर्षे आणि निधन

सत्तरीकडे झुकल्यावरही कीटन काम करत राहिले. नाटककार सॅम्युएल बेकेट यांनी लिहिलेल्या ‘फिल्म’ (१९६५) या जवळजवळ संवादहीन लघुपटात त्यांनी प्रमुख भूमिका केली. त्यात बराच वेळ कॅमेरा त्यांचा चेहरा दाखवतच नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी केलेल्या ‘द रेलरॉडर’ (१९६५) मध्ये ते रुळांवरील एका छोट्या गाडीतून तो देश पार करतात. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून, दीर्घकाळ टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले.

१ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे राहत्या घरी निधन झाले. आजाराचे खरे स्वरूप त्यांना सांगण्यात आले नव्हते. लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड हिल्स भागातील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९८९ मध्ये निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत ‘द जनरल’ चा समावेश होता. १९९१ मध्ये ‘शेरलॉक ज्युनियर’ चीही निवड झाली. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरातील समीक्षकांच्या मतांवरून तयार केलेल्या सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांच्या यादीत १९७२ आणि १९८२ साली ‘द जनरल’ ला स्थान मिळाले. हाँगकाँगचे अभिनेते जॅकी चॅन यांनी कीटन यांचे ऋण मान्य केले असून ‘प्रोजेक्ट ए पार्ट टू’ (१९८७) मध्ये कोसळत्या भिंतीचे दृश्य नव्याने साकारले आहे.

चित्रपटाचा इतिहास शिकणाऱ्यांसाठी कीटन यांचे चरित्र आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. बोलपट आल्यामुळे त्यांचा ऱ्हास झाला, असे पूर्वी सरसकट मानले जाई. प्रत्यक्षात त्यांचा आवाज बोलपटाला चालण्याजोगा होता आणि ध्वनीचा वापर करण्याची त्यांना उत्सुकताही होती. त्यांच्याकडून हिरावली गेली ती काम करण्याची पद्धत : ओळखीचा चमू, प्रयोग करून पाहण्याची मोकळीक आणि चुकलेले पुन्हा करण्याचा अधिकार.

निवडक चित्रपट

लघुपट : वन वीक (१९२०), द प्लेहाउस (१९२१), द बोट (१९२१), कॉप्स (१९२२).

पूर्ण लांबीचे मूकपट : थ्री एजेस (१९२३), अवर हॉस्पिटॅलिटी (१९२३), शेरलॉक ज्युनियर (१९२४), द नॅव्हिगेटर (१९२४), सेव्हन चान्सेस (१९२५), गो वेस्ट (१९२५), बॅटलिंग बटलर (१९२६), द जनरल (१९२६), कॉलेज (१९२७), स्टीमबोट बिल ज्युनियर (१९२८), द कॅमेरामन (१९२८), स्पाइट मॅरेज (१९२९).

बोलपट व उत्तरकाळ : फ्री अँड ईझी (१९३०), स्पीक ईझिली (१९३२), सनसेट बुलेव्हार्ड (१९५०), लाइमलाइट (१९५२), फिल्म (१९६५), द रेलरॉडर (१९६५), अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम (१९६६).